वाक्यात उपयोग करा

भाषेच्या प्रश्नपत्रिकेत ‘पुढील शब्दांचा वाक्यात उपयोग करा’ हा प्रश्न ठरलेला असतो. चार-पाच शब्द, प्रत्येकी एक गुण. विद्यार्थ्याला तो सोपा वाटतो, तपासणाऱ्याला वेळ लागत नाही, आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्याला जागा भरून काढण्यासाठी याहून चांगला सोबती नाही. तीस वर्षांच्या नोकरीत आम्ही हा प्रश्न किती वेळा घातला असेल, त्याची गणती नाही. त्यात काही विचार करण्यासारखे असेल अशी शंकाही कधी आली नव्हती.

गेल्या जानेवारीत आमच्या शाळेतील हिंदीचे शिक्षक रजेवर गेले आणि नववीचा तास आमच्याकडे आला. सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकाला असा तास म्हणजे पर्वणीच. एरवी दिवस जातो तो तक्ते भरण्यात आणि वरून आलेल्या पत्रांना उत्तरे देण्यात. आम्ही फळ्यावर चार शब्द लिहिले : धैर्य, उपकार, वातावरण आणि कार्बन मोनोऑक्साइड. शेवटचा शब्द पाहून वर्गात खसखस पिकली. “सर, यह तो साइंस का है,” असे मागच्या बाकावरून कोणी म्हणाले. आम्ही म्हटले, विज्ञानाचा असला म्हणून काय झाले, वाक्य तर भाषेतच होणार ना?

वह्या गोळा झाल्या. जवळजवळ प्रत्येक वहीत एकच वाक्य होते : ‘कार्बन मोनोऑक्साइड एक जहरीली गैस है।’ व्याकरण शुद्ध, माहिती खरी, पूर्ण गुण. वर्गातली दोन मराठी मुले आम्हांला खूश करण्यासाठी मराठीत लिहिती झाली होती : ‘कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आहे.’ त्यांनाही पूर्ण गुण.

परंतु या वाक्याने आम्हांला समाधान झाले नाही. ते का, हे सांगण्यासाठी आमच्या घरातली एक गोष्ट सांगणे भाग आहे. ती सांगताना आजही आम्हांला संकोच वाटतो, कारण तीत दोष दुसऱ्या कोणाचा नाही, आमचा आहे.

त्याच्या आदल्या वर्षीची संक्रांत. देवासची ताई आईला भेटायला चार दिवस आली होती. माळव्यातली थंडी उत्तरेकडच्या मानाने सौम्य म्हणतात. पण जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरला की एक्याऐंशी वर्षांच्या हाडांना ते मोजमाप सांगून काही उपयोग नसतो. आईच्या खोलीत विजेचा हीटर लावत असू. त्या रात्री वीज गेली आणि लवकर येण्याचे चिन्ह दिसेना. आईला रामबागेतल्या जुन्या घराची आठवण झाली. “माळ्यावर शेगडी आहे ना रे आपली? ती काढ की.”

शेगडी निघाली. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून कोळसे आणले. आम्ही गच्चीत बसून वारा घालीत होतो आणि आई आतून सूचना देत होती : “धूर पुरता जाऊ दे हं. निखारे चांगले फुलले, की मगच आत आण.” हे वाक्य आम्ही लहानपणी आजीच्या तोंडून ऐकले होते. आईने ते सासूकडून घेतले होते. आम्ही ते अक्षरशः पाळले. धुराची रेषसुद्धा उरली नाही तेव्हा लालबुंद निखाऱ्यांची शेगडी आम्ही आमच्या हातांनी आईच्या खाटेजवळ नेऊन ठेवली, वारा येऊ नये म्हणून ॲल्युमिनियमची सरकती खिडकी घट्ट लावली, आणि दार ओढून घेतले. ताई तिथेच खाली गादीवर निजली.

रात्री अडीचच्या सुमारास ताईला जाग आली. डोके ठणकत होते, मळमळत होते. संध्याकाळी दाल-बाफल्यांचा बेत झाला होता. तूप जरा सैल हातानेच पडले होते. तिला वाटले, बाफले बाधले. तिने उशाशी ठेवलेला ओवा चावला आणि पुन्हा अंग टाकले. थोड्या वेळाने पाणी प्यायला उठली, तर पायांत त्राण नाही. दारापर्यंत गेली आणि कोसळली. हातातला तांब्या फरशीवर पडला. त्या आवाजाने आम्ही धावलो. ताई अर्धवट शुद्धीत होती. आई हाक मारूनही जागी होत नव्हती.

खोलीत धूर नव्हता. वास नव्हता. आमच्या स्वतःच्या नाकाला, डोळ्यांना तिथे काहीही वावगे जाणवले नाही. आम्ही दोघींना गच्चीत आणले ते केवळ मोकळी हवा लागावी म्हणून; कारण ओळखून नव्हे.

रुग्णालयात तरुण डॉक्टरांनी बोटाला ते चिमट्यासारखे यंत्र लावले. करोनाच्या दोन वर्षांत ते घरोघर झाले आहे. आकडा आला अठ्ठ्याण्णव. “ऑक्सिजन तो बढ़िया है,” असे म्हणून ते पोटाच्या तक्रारीकडे वळले. एवढ्यात एक वयस्क डॉक्टर आले. त्यांनी आईकडे पाहिले, ताईकडे पाहिले, आणि आम्हांला एकच प्रश्न विचारला : दोघी एकाच खोलीत होत्या का, आणि खोलीत काही जळत होते का?

आम्ही उत्तरलो, “शेगडी होती. पण धूर मुळीच नव्हता.”

मराठीत एम्. ए. केलेल्या माणसाने उभ्या आयुष्यात उच्चारलेले याहून अडाणी वाक्य आम्हांला तरी आठवत नाही. आणि गंमत अशी की ते वाक्य खरे होते.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, गंध नाही, चव नाही. तो डोळ्यांना झोंबत नाही, घशाला खवखवत नाही. लाकूड किंवा कोळसा पेटू लागतो तेव्हा धूर होतो आणि तो आपल्याला खोलीबाहेर काढतो. त्या अर्थाने धूर हा घरातला जुना राखणदार होय. झोंबणारी द्रव्ये जळून गेली की निखारा लाल होतो आणि राखणदार निघून जातो. खरा धोका तिथूनच सुरू होतो. निखाऱ्याच्या आतल्या भागात कर्बाला पुरेसा प्राणवायू पोहोचत नाही. तिथे ज्वलन अपुरे राहते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. शेगडीवर मधूनच निळी ज्योत नाचताना पुष्कळांनी पाहिली असेल. ती ज्योत म्हणजे हाच वायू, वर येऊन हवेत जळताना दिसणारा. ज्योत मावळून निखाऱ्यावर राख धरली की तो न जळताच खोलीत पसरतो. ज्या घटकेला आपण ‘आता आत घ्यायला हरकत नाही’ म्हणतो, नेमकी तीच घटका.

आजी मग खोटे सांगत होती काय? नव्हे. आजीचे वाक्य कौलारू घरातले होते. कौलांच्या फटी, भिंतीतला झरोका, कधीच नीट न लागणारे दार, यांच्यातून हवा अखंड खेळत असे. घराने अर्धे काम केले होते, म्हणून तिचे वाक्य पुरे पडत होते. आम्ही ते सरकत्या काचांच्या खोलीत आणले. वाक्य तेच राहिले, त्याच्या भोवतालचे घर बदलले. इंदूर स्वच्छतेत देशात पुन्हा पुन्हा पहिले आले याचा आम्हांला इतरांइतकाच अभिमान आहे. पण बंद खोलीची हवा नगरपालिका झाडू शकत नाही.

आता वर्तमानपत्रांतली वाक्ये पाहू. दर हिवाळ्यात आमच्याकडच्या हिंदी दैनिकांत ‘सिगड़ी के धुएँ से दम घुटा’ अशा प्रकारची बातमी येते. मराठीत तीच ‘शेगडीच्या धुराने गुदमरून मृत्यू’ अशी होते. यातला धूर कसा दिशाभूल करतो ते वर सांगितलेच. परंतु आमच्या मते त्याहून घातक शब्द आहे ‘गुदमरून’.

गुदमरणे म्हणजे काय, हे प्रत्येकाला ठाऊक आहे. नाक दाबले, पाण्यात बुडी मारली, की छाती फुटेल असे वाटते आणि माणूस हातपाय झाडतो. ही तडफड प्राणवायू कमी पडल्यामुळे होते असा आपला समज असतो. वस्तुतः ती मुख्यतः शरीरात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे होते. शेगडीच्या खोलीत निजलेला माणूस श्वास घेत असतो, सोडत असतो. कार्बन डायऑक्साइड नेहमीप्रमाणे बाहेर पडत असतो. त्यामुळे गुदमरल्याची जाणीव होतच नाही. बिघाड होतो तो रक्तात. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. कार्बन मोनॉक्साइडशी त्याची ओढ प्राणवायूच्या मानाने दोनशे पटींहून अधिक आहे. तो वायू प्राणवायूची जागा अडवून बसतो आणि हलत नाही. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यांनी १८५० च्या दशकातच हे उलगडून दाखवले होते. छाती चालू असते, नाडी चालू असते, आणि मेंदू उपाशी मरत असतो. डोके जड होते, झोप अधिकच गाढ होते, हातपाय ऐकेनासे होतात.

‘गुदमरून’ वाचणारा मनाशी म्हणतो, तसे काही होऊ लागले तर मला जाग येईलच. ताईला जाग आली ती डोके दुखले म्हणून. गुदमरली म्हणून नव्हे. आईला आलीच नाही.

बोटाच्या यंत्राचेही तसेच. कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले रक्त लालभडक असते. ते साधे यंत्र प्रकाशाने रंग पाहून अंदाज करते आणि या रक्ताला प्राणवायूने भरलेले समजते. आकडा उत्तम येतो. घरी अशा प्रसंगी त्या आकड्यावर विसंबू नये. रक्ताची वेगळी तपासणी करावी लागते आणि ती रुग्णालयातच होते. रोग्याला ताबडतोब उघड्यावर न्यावे, आणि मुखवट्याने शुद्ध ऑक्सिजन लवकरात लवकर मिळावा. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. शुद्ध ऑक्सिजनवर ते काम तास-दीड तासात होते.

बाफल्यांवर आळ घेणारी आमची ताई एकटी नव्हे. एमिल झोला हा फ्रेंच कादंबरीकार सप्टेंबर १९०२ मध्ये खेड्यातल्या घरून पॅरिसला परतला. खोली दमट होती म्हणून शेजघरात विस्तव पेटवला. धुराडे तुंबलेले होते. रात्री पतिपत्नी दोघांनाही अस्वस्थ वाटू लागले. नोकरांना उठवू का, असे पत्नीने विचारले. झोलाने, खाण्यातले काही बाधले असेल, सकाळपर्यंत बरे वाटेल, अशा अर्थाचे काही म्हणून तिला थांबवले, असे ती नंतर सांगत असे. २९ तारखेच्या सकाळी तो मृतावस्थेत सापडला. पत्नी वाचली. धुराडे वैरभावाने कोणी मुद्दाम बुजवले होते काय, याची चर्चा फ्रान्समध्ये पुढे कित्येक वर्षे चालली. आम्हांला त्या कटाच्या कथेपेक्षा ते साधे घरगुती वाक्य अधिक अस्वस्थ करते. पॅरिस असो की इंदूर, रात्री पोटात ढवळले की माणूस आधी जेवणच आठवतो.

म्हणून एक खूण सांगून ठेवतो. एका खोलीतल्या दोघा-तिघांचे एकदम डोके दुखू लागले, मळमळू लागले, ताप मात्र नाही. बाहेर गेल्यावर बरे वाटते आणि परत आत आल्यावर पुन्हा तेच होते. तर जेवणाचा विचार नंतर करावा, आधी खिडकी उघडावी. पाण्याने भरलेली बादली शेगडीशेजारी ठेवली की विष पाण्यात उतरते, असेही काही घरांत मानतात. हा वायू पाण्यात फारसा विरघळत नाही. बादली निरुपयोगी आहे. जमिनीलगत निजणेही निरुपयोगी. हा वायू हवेपेक्षा किंचित हलका आहे आणि साऱ्या खोलीत सारखाच मिसळतो.

थोडे नावाविषयी. आमच्या आधीच्या पिढीच्या मराठी पुस्तकांत कार्बनला ‘कर्ब’ म्हणत आणि कार्बन डायऑक्साइडला ‘कर्बद्विप्राणिल’. त्याच धर्तीवर हा झाला ‘कर्ब-एकप्राणिल’. मध्य प्रदेशाची राजधानी १९५६ पर्यंत नागपूर होती आणि राज्यकारभाराच्या भाषा हिंदी व मराठी अशा दोन होत्या. आमचे इंदूर तेव्हा मध्य भारतात होते. त्या काळी नागपुरात डॉ. रघुवीर यांनी संस्कृत धातूंवरून परिभाषेचा मोठा डोंगर उभा केला. त्यात कार्बन हा ‘प्रांगार’ होता आणि ऑक्सिजन ‘जारक’. विद्वत्ता अफाट, पण शब्द लोकांच्या जिभेवर बसले नाहीत. पुढे १९६१ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय शब्दावली आयोगाने मूलद्रव्ये आणि संयुगे यांची आंतरराष्ट्रीय नावे तशीच ठेवण्याचे धोरण घेतले. ते व्यवहाराचे होते. तरीही ‘कर्ब-एकप्राणिल’ गेल्याची आम्हांला थोडी हळहळ वाटते. ‘एक’ आणि ‘द्वि’ यांतच सारी गोष्ट होती. कर्बाच्या एका कणाला प्राणवायूचे दोन कण मिळाले तर जो वायू होतो, तो आपण दर श्वासाला बाहेर टाकतो. एकच मिळाला तर हा. मुलाला त्या नावातच कळले असते की ज्वलनात काही उणे पडले आहे. ‘मोनो’चा अर्थ ‘एक’, हे आज वर्गात स्वतंत्रपणे सांगावे लागते, आणि बहुधा ते राहून जाते.

‘गॅस’ या शब्दाची तर आणखीनच गुंतागुंत. मुंबईत १८६५ मध्ये रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. तो गॅस दगडी कोळशापासून काढलेला असे, आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असेच. पण त्याला उग्र दर्प होता, त्यामुळे गळती कळे. आज आपल्या स्वयंपाकघरातल्या सिलिंडरमध्ये हा वायू मुळीच नसतो, आणि गळती कळावी म्हणून त्या गॅसला मुद्दाम दुर्गंधी दिलेली असते. आम्हां मध्य प्रदेशवासीयांच्या मनात मात्र ‘गॅस’ म्हटले की २ डिसेंबर १९८४ ची भोपाळची रात्र उभी राहते. डोळ्यांत आग, खोकल्याची उबळ, रस्त्यावर धावत सुटलेली माणसे. ‘गैस लग गई’ हा वाक्प्रचार तेव्हापासून आमच्या बोलीत रूढ झाला. आमच्याकडची मराठी माणसेसुद्धा हिंदीच्या लिंगाने ‘गॅस लागली’ म्हणतात आणि पुण्याचे पाहुणे हसतात. भोपाळचा तो वायू मिथिल आयसोसायनेट होता. तो फॉस्जीनपासून बनवीत, आणि फॉस्जीन बनते क्लोरीन व कार्बन मोनॉक्साइड यांपासून. म्हणजे आपला वायू तिथे पडद्यामागे होताच. पण त्या रात्रीने आपल्या मनावर ठसा उमटवला तो असा की विषारी वायू आला की कळतो. हा कळत नाही.

एका ठिकाणी मात्र हा वायू मानाने राबतो. भिलाईच्या झोतभट्टीत लोहखनिजातला प्राणवायू ओढून घेऊन लोखंड मोकळे करण्याचे बरेचसे काम तोच करतो. या पानांचे वाचक असलेली कित्येक कुटुंबे त्या कारखान्याच्या वसाहतीत राहिलेली आहेत; त्यांना हे नवीन नाही. भट्टीतून बाहेर पडणाऱ्या वायूत त्याचे प्रमाण सुमारे पाचव्या हिश्श्याइतके असते. १२ जून २०१४ रोजी तिथल्या पंपघरात पाण्याच्या नळात बिघाड झाला, तो वायू उलटा आत शिरला आणि सहा जण मृत्युमुखी पडले. त्यांत वरिष्ठ अधिकारीही होते. सारे आयुष्य या वायूच्या शेजारी काढलेली, त्याचे गुणधर्म तोंडपाठ असलेली माणसे. जिथे त्यांनाही सावध होण्यास अवधी मिळाला नाही, तिथे निजलेल्या माणसाची काय कथा? २१ जानेवारी २०२० च्या सकाळी नेपाळातील दामन येथे केरळचे आठ प्रवासी हॉटेलच्या एकाच खोलीत अचेतन सापडले आणि पुढे मृत ठरले. चार मुले होती. खोलीत गॅसवर चालणारा हीटर होता. दारे-खिडक्या आतून लावलेल्या होत्या.

शेगडी आता थोड्या घरांत उरली. तिची जागा ज्याने घेतली त्याविषयी लिहिणे अधिक निकडीचे आहे. तो म्हणजे न्हाणीघरातला गॅस गिझर. लहानशी न्हाणी, थंडीमुळे झडपेवर लावलेला पुठ्ठा किंवा प्लॅस्टिक, आणि भिंतीवर भडभडून जळणारा बर्नर. पहिला स्नान करून निघतो, दुसरा जातो, तिसरा जातो. दर खेपेस आतला प्राणवायू कमी होत जातो; ज्वलन अपुरे होऊ लागते आणि कार्बन मोनॉक्साइड साठू लागतो. आंघोळीला वेळ घेणारी सून किंवा मुलगी आत बेशुद्ध पडते, कधी झटकेही येतात. भारतीय मेंदुविकारतज्ज्ञांनी याला ‘गॅस गिझर सिंड्रोम’ असे नावच दिले आहे. कारण असे रोगी फेफऱ्याचे समजून त्यांच्यावर औषधे सुरू झाल्याची उदाहरणे त्यांच्यासमोर आली. लग्न ठरायच्या वयाच्या मुलीवर फेफऱ्याचा शिक्का बसणे म्हणजे आपल्या समाजात काय असते, हे वाचकांना आम्ही सांगायला नको.

अशा दुर्घटनेची बातमी जवळपास नेहमी एकाच शब्दाने येते : ‘गॅसगळती’. हा शब्द साफ चुकीचा आहे. काहीच गळलेले नसते. नळी शाबूत, रेग्युलेटर शाबूत, ज्योत पेटलेली. बातमी वाचून शेजारचे लोक आपापली नळी तपासतात, साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहतात, एकही दिसत नाही, आणि निर्धास्त होऊन तोच गिझर दुसऱ्या दिवशी लावतात. एका चुकीच्या नामाने शंभर घरे चुकीच्या जागी पाहू लागतात. उपाय खरे तर साधा आहे : गिझर न्हाणीच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा आणि आत फक्त गरम पाण्याचा नळ यावा. ते जमत नसेल तर बादली बाहेर भरून घ्यावी आणि गिझर बंद करून मगच आंघोळीला जावे. विजेचा गिझर असेल तर हा प्रश्नच नाही. बंद गॅरेजमध्ये चालू ठेवलेली मोटार, आणि वीज गेल्यावर दुकानाच्या आत लावलेले जनरेटर, यांची कथाही हीच. आपल्या स्कूटरच्या प्रदूषण-तपासणीच्या कागदावर ‘सीओ’ असा रकाना छापलेला असतो. पुष्कळ घरांत हा शब्द लेखी येतो तो तेवढाच, आणि तो कागद आपण पोलिसाला दाखवण्यासाठी जपतो.

आई वाचली. पाचव्या दिवशी घरी आली, तिळगूळ राहिला म्हणून चुकचुकली. तीनएक आठवड्यांनी तिच्या बोलण्यात घोटाळे होऊ लागले. आम्हांला ती आमच्या दिवंगत काकांच्या नावाने हाक मारू लागली. त्या वयस्क डॉक्टरांनी सांगितले की या विषबाधेनंतर असा विसर काही आठवड्यांनी येऊ शकतो. वयामुळेही येऊ शकतो. या वयात एक दुसऱ्यापासून वेगळे काढता येत नाही. आम्ही पुन्हा विचारले नाही. सौभाग्यवतींनी एकदा म्हटले, “वयच झालंय त्यांचं.” आम्ही मान डोलावली.

तर त्या दिवशी वर्गात आम्ही वह्या परत केल्या आणि मुलांना विचारले : हा वायू कुठे ‘असतो’? कोणी कारखान्यात म्हणाले, कोणी धुरात, एकाने भोपाळचे नाव घेतले. आम्ही म्हटले, ‘है’ काढून टाका. या शब्दाला ‘है’ चालत नाही, त्याला ‘बनती है’ लागते. तो कुठेही आधीपासून बसलेला नसतो. आपण काही पेटवतो आणि दार लावतो, तेव्हा तो तिथे तयार होतो. आता पुन्हा लिहा, आणि वाक्यात जागा, वेळ आणि माणूस आला पाहिजे. वर्ग बराच वेळ गप्प होता. मग एका मुलीने उभी राहून वाचले : ‘जब सिगड़ी का धुआँ खत्म हो जाता है, तब मेरी दादी उसे कमरे में रख लेती हैं और कार्बन मोनोऑक्साइड बनती रहती है।’ वाचता वाचताच तिचा आवाज बदलला. मधल्या सुट्टीत ती घरी फोन करण्याची परवानगी मागायला आमच्या खोलीत आली.

ताई आता बरी आहे. मागच्या महिन्यात तिने नव्या सदनिकेत राहायला गेल्यावर, आधीच्या मालकाने न्हाणीत बसवलेला गॅस गिझर बाहेरच्या गॅलरीत हलवण्यासाठी कारागीर बोलावला. त्याने सांधे तपासले, साबण लावून पाहिला, आणि तिची समजूत घालू लागला : “माताजी, लीकेज तो है ही नहीं, काहे को पैसा खर्च करती हो?”

“नहीं है, यह मुझे भी मालूम है,” ताई त्याला म्हणाली. “तू बाहेर काढ.”